मोडक्या बंदुकांच्या शाळेतला जॉन

सिनेमातला हिरो रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड मागे ओढतो आणि खटकन सोडून देतो. बघायला भारी वाटतं ना? पण ज्याने ही रचना घडवली, तो माणूस हे बघून नक्कीच वैतागला असता!

जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म २३ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या यूटामधलं ऑग्डन. वडील बंदुकांचे कारागीर. त्यांच्या दुकानात मोडक्या बंदुका दुरुस्तीला यायच्या आणि त्याच जॉनची खरी शाळा झाल्या. कुठला भाग आधी झिजतो, कुठला तुटतो, हे तो रोज हाताळून शिकला. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या या पोराने १८७९ मध्ये पहिलं पेटंट मिळवलं. पुढे ती संख्या १२८ वर गेली.

मार्च १९११. अमेरिकी लष्कराने ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. दोन दिवसांत ६००० गोळ्या! पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं, ठरावीक गोळ्यांनंतर साफ करून तेल द्यायचं. ते एकदाही अडकलं नाही. २९ मार्चला लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं.

पण एवढं दणकट पिस्तूलही चुकीच्या सवयींनी झिजतंच. मॅगझिनमधून काडतूस वर ढकलताना स्लाइडचा जोर थोडा कमी होतो. चेंबर रिकामी असेल तर पूर्ण दणका बसतो आणि घोडा अडवून धरणाऱ्या बारीक कडा खराब होतात. काही जण काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडतात. मग काडतूस बाहेर ओढणाऱ्या छोट्या आकड्याला त्याच्या कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याचा ताण हळूहळू जातो. थकलेली स्प्रिंग वेळेत बदलली नाही, तर स्लाइड मागे जाऊन सांगाड्यावर आदळत राहते. यातलं काहीच एका दिवसात दिसत नाही, हीच तर गोची आहे!

ब्राउनिंग शेवटपर्यंत कामातच होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यात त्यांचं हृदय थांबलं. हातातलं अपुरं पिस्तूल दिएदोने सैव या सहकाऱ्याने पुढे पूर्ण केलं. १९३५ मध्ये ते बाजारात आलं.

तुमच्या बाइकचा क्लच, लॅपटॉपची बिजागरी आठवून बघा. बनवणाऱ्याने आपलं काम चोख केलेलं असतं. पुढचं आयुष्य आपल्या हातात!