स्वयंपाकघरातले ब्रदर लॉरेन्स



घरोघरी भेटीला गेलो की एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी डबे, मग ट्रेनची धावपळ, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. रोझरी कशीबशी होते, पण मन देवापाशी नसते. तक्रार खरी आहे, आणि फादर झालो म्हणून ती मला लागू नाही असेही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात देव सर्वव्यापी असल्याची प्रमाणे मी पाठ केली, परीक्षेत गुणही चांगले मिळाले. पण मिस्सानंतर कोणी अवेळी दाखला मागायला आले की माझा आवाज चढतो, आणि तो सर्वव्यापी देव त्या क्षणी माझ्या ध्यानातही नसतो. अशा वेळी मला ब्रदर लॉरेन्स आठवतात.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म १६१४ च्या सुमारास, आज फ्रान्समध्ये असलेल्या लोरेन प्रांतातल्या एका खेड्यात, गरीब कुटुंबात. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात त्याला एक निष्पर्ण झाड दिसले. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले, मग फळे, असा विचार त्याच्या मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याची व काळजीची जाणीव त्याच्या अंतःकरणात खोल उतरली. ती पुढे कधीच पुसली गेली नाही.

पण म्हणून निकोलस लगेच संत झाला असे समजू नका. तो सैन्यात गेला. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले, फाशीची धमकी दिली आणि शेवटी सोडून दिले. पुढे स्वीडिश सैनिकांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. सैनिकी आयुष्यातल्या पापांची टोचणी त्याला पुढे अनेक वर्षे लागून होती. मग एका गृहस्थाबरोबर त्याने एकांतवास करून पाहिला. तिथेही मन आज आनंदी, उद्या उदास, असेच चालले, म्हणून तेही सोडले. पॅरिसमध्ये एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी नोकर म्हणून राहिला. आपण धांदरट होतो, हाती येईल ते फोडत होतो, असे नंतर तो स्वतःच सांगत असे.

१६४० साली पॅरिसच्या कार्मेलाईट मठात तो दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. मठात आपल्या धांदरटपणाची चांगलीच शिक्षा मिळेल, ती देवाला अर्पण करू, असा त्यांचा बेत होता. तिथे समाधानच मिळाले, तेव्हा देवाने आपल्याला फसवले असे ते गमतीने म्हणत.

शिक्षण बेताचे असल्याने त्यांना आचाऱ्याचे काम मिळाले. स्वयंपाकाची त्यांना मुळीच आवड नव्हती, हे मुद्दाम सांगतो. नावडते काम त्यांनी सुमारे पंधरा वर्षे केले. काम सुरू करताना देवाशी दोन शब्द बोलायचे, काम चालू असताना मध्येच त्याच्याकडे वळायचे, संपल्यावर पाहायचे की कसे झाले. चांगले झाले तर आभार, चुकले तर क्षमा मागायची आणि खट्टू न होता पुन्हा त्याच्याशी बोलायला लागायचे. तव्यावरचा अंड्याचा पोळा उलटायचा तोही देवाच्या प्रेमाखातर. ध्यानाच्या पद्धती सांगणारी पुस्तके त्यांनी वाचली होती, पण त्यांनी ते अधिकच गोंधळले.

हे वाचायला सोपे वाटते. आमच्या प्रवचनांतही आम्ही ते सोपे करून सांगतो, ही आमची चूक. ब्रदर लॉरेन्सना पहिली दहा वर्षे फार जड गेली. आपला नाश ठरलेलाच आहे असे त्यांना चार वर्षे वाटत होते. प्रार्थनेच्या वेळी मन भरकटायचे, ते परत आणायचे, पुन्हा भरकटायचे. शेवटी त्यांनी ठरवले की मरेपर्यंत असेच चालले तरी हरकत नाही, देवाच्या प्रेमासाठी जे करायचे ते करतच राहायचे. हे स्वीकारल्यावर त्यांना शांती लाभली. त्यानंतर कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्यांना फरक उरला नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट आणि चार जणांची चार मागणी चालू असतानाही पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकल्यासारखेच ते देवाजवळ असत.

मठासाठी द्राक्षारस विकत आणायला त्यांना दूर बर्गंडीला पाठवत. व्यवहाराचे डोके नाही, पाय अधू. नावेत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून लोळत जावे लागे! तरी हे काम तुझे आहे असे देवाला सांगून ते निघत, आणि काम होऊन जाई. पुढे पाय फारच दुखू लागला, तेव्हा त्यांना बसून सपाता दुरुस्त करण्याचे काम दिले.

१६६६ पासून जोसेफ द बोफोर नावाचे धर्मगुरू त्यांना भेटायला येऊ लागले. त्यांनी टिपलेली संभाषणे आणि ब्रदरांची थोडी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. हे छोटे पुस्तक कॅथलिकांइतकेच, किंबहुना जास्तच, प्रॉटेस्टंट बांधवांनी जपले. डिसेंबर २०२५ मध्ये लेबनॉनहून परतताना पोप लिओ चौदावे यांनी आपल्या आध्यात्मिक जीवनाविषयी बोलताना संत ऑगस्टीनखेरीज याच पुस्तकाचे नाव घेतले. ब्रदर लॉरेन्सना मात्र ख्रिस्तसभेने अजून संत म्हणून घोषित केलेले नाही.

शेवटच्या आजारात कोणीतरी त्यांना विचारले की मनात काय चालले आहे. अनंतकाळ जे करणार आहे तेच, देवाची स्तुती आणि त्याच्यावर प्रेम, असे त्यांनी सांगितले. १२ फेब्रुवारी १६९१, सोमवारी सकाळी नऊ वाजता, सत्त्याहत्तरीच्या आसपास ते देवाघरी गेले. मठाच्या स्वयंपाकघरात त्या वेळी रोजचे काम चालूच असेल.