एक्सप्लेनर : सरकलेली गादी, चिनी सुया आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस, हे नातं नेमकं काय?

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एल४-एल५’ दिसलं की अमरावती-अकोल्यात घरोघरी एकच निदान होतं, मणक्यातली गादी सरकली. मग सल्ले सुरू. कुणी पट्टा सुचवतं, कुणी मालिशवाला, आणि हल्ली बरेच जण अ‍ॅक्युपंक्चर. भारतात या चिनी उपचाराची गोष्ट निघाली की एक मराठी नाव हमखास येतं : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. लुधियानातलं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय तर त्यांच्याच नावाने चालतं. पण कोटणीस स्वतः सर्जन होते. मग सुयांशी त्यांचं नाव जोडलं कसं गेलं?

कोण होते कोटणीस?

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांकडून निधी गोळा केला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर. (चोळकरांचं नाव आज विदर्भातही फारसं कुणाला माहीत नाही, हे खटकतं.)

चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतायला ते पुरेसं कारण होतं, पण ते थांबले. १९३९ च्या सुरुवातीला पथक यानआनला पोहोचलं, तिथे माओंनी त्यांचं स्वागत केलं. चोळकर आणि मुखर्जी आधी परतले, नंतर अटलही. कोटणीस मात्र आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ आघाडीवर गेले. औषधं कमी, भूल देण्याचं सामान कमी, आणि दवाखाना म्हणजे गावातलं एखादं घर. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार झाले, असं सांगितलं जातं.

१९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. हे नाव कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांचं. शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने ते १९३९ मध्ये गेले होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि सर्जरीचं पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. रुग्णालयात परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

तोवर त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या, तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय फक्त ३२. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. पुढे तोही डॉक्टरकी शिकत असताना तरुणपणीच वारला. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आजोबांच्या पिढीला आठवत असेल.

मग सुया आल्या कुठून?

त्या बसूंकडून. पथकातले डॉ. बिजय कुमार बसू १९४३ मध्ये भारतात परतले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्याचा वापर सुरू केला. कोटणीसांच्या स्मरणार्थ काम करणाऱ्या समितीतही तेच पुढे होते. त्यामुळे सुया आणि कोटणीसांचं नाव एकत्र देशभर पोहोचलं. तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर कोटणीसांचा फोटो दिसला तर आदर जरूर ठेवा, पण तो उपचार चालतो याचा पुरावा समजू नका.

पुरावा काय सांगतो?

आधी यंत्रणा समजून घेऊ. दोन मणक्यांमधली गादी हा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. बाहेर चिवट कडी, आत जेलीसारखा गर. कडी फाटली की गर बाहेर येतो, नसेच्या मुळावर दाब आणि सूज येते, आणि कळ कंबरेतून थेट पायात उतरते. सुई हा गर आत ढकलत नाही. तसा दावा कुणी केला तर तिथून उठलेलं बरं. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं, आणि बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. प्रश्न असतो तेवढे आठवडे काढायचे कसे?

इथे सुयांचा उपयोग होऊ शकतो. चीनमधल्या सहा रुग्णालयांत २१६ रुग्णांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत १० वेळा खऱ्या सुया घेतलेल्यांचं पायाचं दुखणं नकली सुयांपेक्षा जास्त कमी झालं आणि फरक वर्षभर टिकला. दुसरीकडे ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखी आणि सायटिकासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका, असं म्हटलं आहे. म्हणजे जाणकारांचं अजून एकमत नाही. चालणं-फिरणं आणि फिजिओथेरपी चालू ठेवून जोडीला सुया घेणं वाजवी वाटतं. त्या सोडून फक्त सुया नकोत.

एक गोष्ट मात्र टाळू नका. लघवी-शौचावरचा ताबा गेला, लघवी अडकली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलता येईना, तर सुया, पट्टा, मालिश सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. अशा वेळी उशीर झाला तर नस कायमची निकामी होऊ शकते. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये १०५ तासांत डांबरीकरण करून विक्रमात गेला. रात्री निघावं लागलं तर निदान रस्त्याची सबब नको.

आणि सुया घ्यायच्याच असतील तर महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. समोरच्याची नोंदणी आहे का ते विचारा, आणि प्रत्येक वेळी नवी, एकदाच वापरायची सुई पाकिटातून आपल्या डोळ्यांदेखत काढायला सांगा.