पंडिता रमाबाईंचे मोजके दिवस

निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागातल्या आपल्या मंडळ्या लहान. त्यामुळे कोणाच्याही घरी दुःख झाले की सगळी मंडळी मातीला जाते आणि लेकरेही मागोमाग येतात. पाळकसाहेब कबरेपाशी नव्वदावे स्तोत्र वाचतात, मूठमूठ माती टाकली जाते आणि आपण घरी परततो. पण पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत एखादे पोर हमखास विचारते की, आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, तरी ती माणसे का गेली? आमच्या काही शिक्षक-भगिनींनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. उत्तर देण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नाही. मात्र ज्या एका स्त्रीला हा प्रश्न पोथीत नव्हे, तर प्रत्यक्ष घरात अनेकदा भेटला, तिचे चरित्र आम्ही या महिन्यात पुन्हा उघडले आहे. ती म्हणजे पंडिता रमाबाई. विधवांची कैवारी, अनाथांची आई म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही येथे त्यांची दुसरी बाजू पाहणार आहोत. मृत्यू त्यांच्या किती जवळून चालत होता आणि हाती उरलेल्या दिवसांचे त्यांनी काय केले, ती ही बाजू.

रमाबाई आपल्या सीमाभागातल्या माणसांना परक्या वाटू नयेत. घरी मराठी आणि भोवती कानडी ही आपली जी रीत, तीच त्यांच्या माहेरची. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. जेथे तुंगा व भद्रा या नद्या उगम पावतात, ते हे रान आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ते आपल्या लेकीला दिले. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना हे बिऱ्हाड डोंगर उतरले. वेताच्या पेटीत तान्ह्या मुलीला घालून ती पेटी गड्याच्या डोक्यावर दिली होती. तेव्हापासून या कुटुंबाला कायमचे घर असे राहिले नाही. तीर्थामागून तीर्थ करावे, देवळात पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर राहावे, असा क्रम चालला.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानधर्मात आणि पोटासाठी संपले. भांडी गेली, अंगावरचे किडूकमिडूक गेले. हलके काम करायचे नाही आणि हात पसरायचा नाही, असा कुळाचा ताठा होता. तो आपल्याला किती महाग पडला हे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत काही न लपविता लिहिले आहे. रानातला पाला आणि जंगली फळे यांवर दिवस काढले. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. त्यांनी तळ्यात देह ठेवण्याचे ठरविले, आणि मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला तेव्हाच तो बेत टळला. पण थोड्याच दिवसांत, १८७४ च्या जुलै महिन्यात, भुकेने खंगून ते गेले. जाण्यापूर्वी धाकट्या लेकीला त्यांनी जवळ घेतले व देवाच्या हाती सोपविले. काही आठवड्यांनी आईही गेली.

आईच्या वेळची गोष्ट आम्हांला सोडून पुढे जाववत नाही. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. शेवटी कशीबशी दोन माणसे आली, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला. अंगाने त्या ठेंगण्या होत्या, तिरडी खांद्यावर घेतली तर एका बाजूला कलंडत होती. म्हणून सोळा वर्षांच्या या मुलीने आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंतचे दूरचे अंतर ती तशीच चालत गेली. पुढे थोरली बहीणही गेली, आणि भाऊ-बहीण दोघेच उरली.

दोघे पायी देश फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, सभा भरल्या, वर्तमानपत्रांत नाव गाजले. पण १८८० साली डाक्का येथे भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. सिल्चरला संसार मांडला. तेथेच नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूककृत शुभवर्तमान सापडले, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. संसार एकोणीस महिन्यांचा, लेक पुरती दहा महिन्यांचीही नाही आणि स्वतः रमाबाई तेविशीच्या. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा अशी पाच माणसे आठ वर्षांत गेली.

यानंतरचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो आम्ही भरभर सांगतो. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकण्याची इच्छा होती, पण कान अधू झाल्यामुळे तो विचार सोडावा लागला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आपल्या नात्यातल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी. त्या समारंभाला वर्ष होते न होते तोच, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई वयाच्या एकविसाव्या वर्षी वारल्या. शिकून तयार झालेले ते सारे आयुष्य रुग्णांच्या उपयोगी पडण्याआधीच मिटले. त्याच वर्षी रमाबाईंनी हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि ते आपल्या आईच्या स्मृतीस वाहिले. जी तिरडी डोक्यावरून वाहिली होती, तिची आठवण तेरा वर्षे उलटली तरी मनावरून उतरली नव्हती असेच आम्हांला वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास आले. १८९६ सालचा दुष्काळ मध्य प्रांतात कडक पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने पोट पाठीला लागलेली माणसे त्यांनी पाहिली आणि आपले बालपण त्यांच्यापुढे उभे राहिले. मुलींना बरोबर घेऊन त्या परतल्या, तर १८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि मुलींना शहरात ठेवता येईना. (हीच साथ पुढे आपल्या बेळगाव जिल्ह्यातही फिरली. गावे ओस टाकून माणसे माळावर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी आपल्या आजी-पणज्या सांगत.) केडगावच्या उघड्या जमिनीवर मुलींची सोय करावी लागली आणि तेथे मुक्ती सदन वाढले. विहिरी खणल्या, शेती सुरू झाली, माग लागले, छापखाना बसला. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुलींना अन्न देणे हे रमाबाईंना कधी साधे काम वाटले नसावे. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी घरातच पाहिले होते.

आता शेवटच्या कामाकडे येऊ. केडगावात आलेल्या खेड्यांतल्या बायकांना त्या वेळचे मराठी शास्त्र नीट समजत नसे. भाषा संस्कृत शब्दांनी जड होती. म्हणून रमाबाईंनी पन्नाशीच्या सुमारास इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले. ते भाषांतर मंडळ्यांत फारसे रुजले नाही, हे खरे आहे. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे ते काही ठिकाणी अडखळते, असे आमचेही मत आहे. पण ज्या स्त्रीला संस्कृत आईच्या तोंडून मिळाले होते, तिने दळण-कांडण करणाऱ्या बाईला कळावे म्हणून ते संस्कृत बाजूला ठेवले. आमच्या मते पदव्यांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

हे काम संपत आले असताना मनोरमा गेली. तारीख २४ जुलै १९२१, वय चाळीस. आईच्या मागे मुक्तीचा भार तिनेच उचलायचा, असे सर्वजण धरून चालले होते. हृदयाच्या दुखण्याने ती खालावली. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? आठ वर्षांत पाच माणसे गेली ती तरुणपणी. आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या, कान गेलेले, शरीर थकलेले. त्या पुन्हा आपल्या मेजाशी बसल्या आणि छापखान्यातून येणारी मुद्रिते तपासू लागल्या.

पुढची गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२२ च्या मार्च महिन्यात रमाबाईंचा आजार वाढला. मुद्रितांचे शेवटचे तपासणे राहिले होते. तेव्हा त्यांनी ते पुरे करण्यासाठी देवापाशी आणखी दहा दिवस मागितले. काम पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निद्रिस्त झाल्या. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

ही दहा दिवसांची गोष्ट आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. आमची शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, ती सांगताना मनोरमेची गोष्ट गाळू नये. ज्या देवाने आईला दहा दिवस दिले, त्याने लेकीला दहा वर्षे दिली नाहीत, आणि दोन्ही गोष्टी एकाच घरात नऊ महिन्यांच्या आत घडल्या. ज्या मुलाचा बाप तंबाखूच्या वखारीतून खोकत घरी आला आणि महिन्याभरात गेला, त्याच्यासमोर अर्धीच गोष्ट सांगितली तर ते मूल मनात म्हणेल की, आमची प्रार्थना खोटी होती. त्याला दोन्ही सांगाव्यात. रमाबाईंनी स्वतःसाठी वर्षे मागितली नव्हती, हेही सांगावे. समोर किती पाने उरली आहेत हे त्यांनी मोजले आणि तेवढेच दिवस मागितले.

त्यांचे भाषांतर १९२४ साली ग्रंथरूपाने बाहेर आले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. दुष्काळात आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली तेथेच वाचायला शिकल्या होत्या आणि तेथेच खिळे जुळवायलाही. ग्रंथ बांधून तयार झाला तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.