नऊ आण्यांचे पुस्तक आणि बुलढाण्याच्या ताराबाई

आमच्या अमरावतीच्या अभ्यासवर्गात मागे एकदा स्त्रीमुक्तीचा विषय निघाला. मुलामुलींनी फळ्यावर नावे लिहायला सुरुवात केली. सावित्रीमाई आल्या, बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल आले, आणि मग थेट अमेरिका. बेट्टी फ्रीडन, ग्लोरिया स्टाइनेम. एका मुलीने बेल हुक्स यांचेही नाव लिहिले, ते बघून बरे वाटले. फ्रीडन यांचे पुस्तक १९६३ चे, त्यांची राष्ट्रीय महिला संघटना १९६६ ची, स्पर्धा परीक्षेच्या तयारीमुळे सगळे तोंडपाठ. पण अकोल्याहून खामगावला जाऊन बोथा घाट चढला की जे बुलढाणा लागते, तिथल्या ताराबाई शिंदे यांचे नाव फळ्यावर आले नाही. चूक मुलांची नाही. आम्हीच कधी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. त्याच्या आगेमागेच वऱ्हाडाचा कारभार बदलत होता. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या. रेल्वे शेगाव, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, छापखान्यातली वर्तमानपत्रे गावात येऊ लागली. तिकडे काळ्या गुलामांच्या बेड्या तुटत होत्या आणि इकडे त्या लढ्याच्या पैशावर पेठा उभ्या राहत होत्या. कापूस वेचणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले काय पडले, ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारावे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला, त्या चळवळीतले ते माणूस. मुलीला त्यांनी घरीच मराठी शिकवली, संस्कृत आणि इंग्रजीही शिकवली. त्या काळात वऱ्हाडातल्या मराठा घरात मुलीच्या हातात पुस्तक देणे म्हणजे काय, हे आज कळणे कठीण आहे. बापूजींनी आणखी एक केले. मुलीला सासरी न पाठवता जावई घरी आणला. सासुरवासाची चक्की त्यामुळे चुकली. मूलबाळ झाले नाही. वाचायला वेळ मिळाला, आणि वाचलेले मनात साठत गेले. तरीही घराचा उंबरठा होताच. आपण मराठा रीतीच्या बंदिशाळेत कोंडलेली बाई आहोत, लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, असे ताराबाईंनी पुस्तकाच्या सुरुवातीला स्वतःच कबूल केले आहे.

हे पुस्तक त्यांच्याकडून लिहिले गेले ते सुरतेतल्या एका खटल्यामुळे.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला मूल झाले होते आणि लोकलाजेच्या भीतीने तिने ते मारले, हा आरोप. न्यायालयाने फाशी सांगितली. वरच्या न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि पुढे सरकारने शिक्षा पाच वर्षांवर उतरवली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण तो कागदावर. पुरुषाला बायको मेल्यावर तेराव्यानंतर दुसरी करायला कोणी अडवत नव्हते, आणि विधवेला जगणेच चोरून करावे लागत होते. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते उगीच नव्हे. अशी विधवा आपल्या पोटच्या पोराची खुनी होण्याआधी तिला एक दार उघडे मिळावे, एवढाच त्यामागचा साधा विचार होता.

खटल्यानंतर वर्तमानपत्रांत चर्चेचा धुरळा उठला. पुणे वैभवसारख्या पत्राने बायकांच्या नव्या चालीवर, त्यांच्या बिघडलेल्या नीतीवर तोंडसुख घेतले. तो पुरुष कोण होता, तो कुठे आहे, त्याला काय शिक्षा झाली, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. बुलढाण्यात ताराबाईंनी हे वाचले आणि लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापली गेली. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तक लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. पण ते शांतपणे वाचता येत नाही. ताराबाई वाचकाशी भांडतात. समोर बसलेल्या पुरुषाला उभे करून, बोट दाखवून विचारतात. बायकांना दोष देणारा एक जुना संस्कृत श्लोक त्या घेतात, ज्यात स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, साहसाचे घर, कपटाची पेटी अशी यादी आहे. मग त्या यादीतला एकेक दोष उचलतात आणि हा दोष बाईत जास्त की पुरुषात, याचा हिशेब मांडतात. हिशेब प्रत्येक वेळी पुरुषाच्या अंगावर येतो. फसवून कोण पळतो, दारूत घर कोण बुडवतो, जुगारात बायकोचे दागिने कोण लावतो, म्हातारपणी दात पडल्यावर दहा वर्षांच्या पोरीशी लग्न कोण लावतो? संस्कृत त्यांना वडिलांनी शिकवले होते, त्याचा असा उपयोग होईल असे श्लोक रचणाऱ्याला वाटलेही नसेल.

पतिव्रताधर्मावरचा त्यांचा हल्ला आम्हाला या पुस्तकाचा गाभा वाटतो. नवरा देव आहे असे सांगता, तर त्याने आधी देवासारखे वागावे, हा त्यांचा सरळ मुद्दा. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली हे घरोघर सांगतात. बायकोसाठी यमाच्या वाटेला लागलेला एकही नवरा पोथीत का सापडत नाही, असे त्या विचारतात. नवरा मेला म्हणून बाईने डोके भादरून कोपऱ्यात बसायचे, मग बायको मेल्यावर पुरुषाने मिशा काढून तोंड लपवून का बसू नये? हे प्रश्न त्या विनोदाने विचारतात, पण वाचताना हसू ओठातच राहते. देवधर्माच्या कथांनाही त्या सोडत नाहीत. १८८२ मध्ये, नवऱ्याच्या नावाने कुंकू लावणाऱ्या एका घरंदाज बाईने हे छापून आणले, हे पुन्हा एकदा मनात घोळवून बघा.

नाटक-कादंबऱ्याही त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत. मुक्तामाला, मंजुघोषा ही तेव्हाची गाजलेली पुस्तके. बाईच्या खऱ्या दुःखाशी त्यांचा संबंध काय, असा त्यांचा रोख. आणि सुधारक? सभा भरवतात, भाषणे करतात, टाळ्या घेतात, आणि घरी गेल्यावर होते तसेच. स्वतः शेंडी, पागोटे, धर्माचे सगळे नियम सोयीने सोडायचे, विलायती कोट-बूट घालायचे, आणि धर्म सांभाळायचे काम मात्र बायकांवर टाकायचे. हा परिच्छेद वाचताना आमच्या वर्गातली मुले खाली बघत होती. आम्हीही.

या पुस्तकावर टोमणे मारणारे सत्यशोधकांतही निघाले. ब्राह्मणशाहीविरुद्ध बोलणे त्यांना चालत होते, पण घरातल्या पुरुषाबद्दल बाईने असे लिहावे हे पचले नाही. १८८५ मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, त्यांना आपल्या लेकीसारखे संबोधले आणि आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले. चळवळीच्या नेत्याने चळवळीतल्या पुरुषांचा रोष पत्करून एका बाईच्या पुस्तकामागे उभे राहणे, ही घटना आपल्या इतिहासात जितकी मोठी लिहायला हवी तितकी लिहिली गेलेली नाही. ज्या जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांना घरातली गुलामगिरीही दिसत होती.

ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. बुलढाण्यातच त्यांचे पुढचे आयुष्य गेले, आणि १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पाचशे प्रती कुठे कुठे गेल्या, वाळवीने खाल्ल्या, रद्दीत गेल्या. जवळजवळ नव्वद वर्षे महाराष्ट्र त्यांना विसरला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी जुनी प्रत शोधून पुस्तक पुन्हा छापले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, अमेरिकेतून निघालेली स्त्रीमुक्तीची लाट जगभर पोचली होती, आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. आपल्या मातीत हा विचार परदेशातून आला असे म्हणणाऱ्यांच्या समोर अचानक बुलढाण्याची बाई येऊन उभी राहिली. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलॉन यांनी पुस्तक इंग्रजीत नेले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्राला त्यांचे नाव आहे.

आता एक गोष्ट आम्हाला स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आमचे वाचक ती विचारणारच. ताराबाईंच्या पुस्तकातली बाई कोण आहे? बहुतेक करून ती वाड्यातली, पडद्यातली, उंच कुळातली बाई आहे. विधवाविवाहाची बंदी ब्राह्मणांकडून इतर जातींत कशी उतरली, हे त्यांनी नेमके ओळखले. पण दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणी करणारी, गावकुसाबाहेरची, पाणवठ्यावरून हाकलली जाणारी महारवाड्यातली बाई त्या पानांत जवळजवळ नाही. अमेरिकेतही असेच झाले. फ्रीडन यांनी उपनगरातल्या शिकलेल्या गोऱ्या गृहिणीचे दुःख मांडले, आणि १९८४ मध्ये बेल हुक्स यांनी विचारले की त्या गृहिणीच्या घरी कामाला येणाऱ्या काळ्या बाईचे काय? त्याआधी १९७७ मध्ये बोस्टनच्या काळ्या स्त्रियांच्या कोम्बाही गटाने वंश, वर्ग आणि लिंग यांचे जू एकाच मानेवर असते हे मांडले होते. आम्ही ताराबाईंना कमी लेखत नाही. त्यांचा अर्धा प्रश्न राहिला होता, एवढेच म्हणतो.

तो उरलेला अर्धा प्रश्न वऱ्हाडातूनच पुढे आला. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली. ताराबाईंनी ज्या शास्त्रांना प्रश्न विचारले त्यांचीच ती होळी. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. तिथले ठराव आजही उघडून वाचावेत: घटस्फोटाचा हक्क, पुरुषाच्या अनेक बायका करण्यावर बंदी, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा, मुलींसाठी वसतिगृहे, कायदेमंडळात प्रतिनिधित्व. बाबासाहेबांनी त्या सभेत मुलींच्या लग्नाची घाई नको, पोरांचा लेंढार नको आणि बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण म्हणून उभे राहावे असे सांगितले. तारखेचा एक योगायोग सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या स्त्रियांची पहिली हक्क परिषद सेनेका फॉल्सला १८४८ च्या १९ आणि २० जुलैला झाली होती. तिथे मताचा हक्क मागितला, तो मिळायला १९२० उजाडले. नागपूरच्या बायांनी मागितलेला घटस्फोटाचा हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आला, आणि त्याआधी बाबासाहेबांना १९५१ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले.

पण सेनेका फॉल्सच्या बायांवर ग्रंथालये भरली आहेत. सुलोचनाबाईंवर आमच्याच शहरात मुलांना दोन ओळी सांगता येत नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ च्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायांना बोलते केले नसते, तर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचे तेवढेही हाती राहिले नसते. ताराबाईंचे निदान पुस्तक होते, म्हणून मालश्यांना सापडले. नागपूरला गेलेल्या बहुतेक बायांना लिहिता येत नव्हते.

आमच्या एका विहारात वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या आणि अकराही पुरुषांच्या. महिला मंडळ खीर वाटत होते. आम्हीही त्या अकरांपैकी एका खुर्चीवर होतो, हे लपवत नाही. त्यानंतर महिला मंडळाच्या तरुण मुलींनीच एक काम हाती घेतले आहे. या २५ डिसेंबरच्या भारतीय स्त्री मुक्ती दिनापर्यंत अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत फिरून, १९४२ आणि १९५६ च्या आठवणी ज्या आज्यांना आहेत, किंवा त्यांच्या लेकीसुनांना ऐकून माहीत आहेत, त्या मोबाइलवर बोलून घ्यायच्या. ज्यांच्या घरी परिषदेचा बिल्ला, जुनी पावती, एखादा फोटो ट्रंकेत असेल त्यांनी तो फेकू नये, या मुलींना दाखवावा. पहिल्या रविवारी त्या अकोल्याला जात आहेत, आणि पिशवीत 'स्त्रीपुरुषतुलना'ची एक प्रत ठेवली आहे, वाटेत वाचायला.