पठणाची वेळ आणि इमाम नववी

दमास्कसच्या दक्षिणेला हौरान भागात नवा नावाचे गाव आहे. तेथे इ.स. १२३३ मध्ये एका दुकानदाराच्या घरी यह्या हा मुलगा जन्मला. गावाच्या नावावरून पुढे जग त्यांना इमाम नववी (रह.) म्हणून ओळखू लागले. सात वर्षांचे असताना रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री ते अचानक जागे झाले आणि घरभर पसरलेला हा उजेड कसला, असे वडिलांना विचारू लागले. इतरांना काहीच दिसत नव्हते. पण ही शब-ए-कद्र आहे, हे वडिलांनी ओळखले. ही आठवण त्यांचे शिष्य इब्ने अत्तार यांनी नोंदवून ठेवली आहे.

दहाव्या वर्षी गावातली मुले त्यांना बळेच खेळायला ओढत, तेव्हा ते रडत पळून जात आणि कुरआनचे पठण करत राहत. वडिलांनी दुकानात बसवले, तरी गिऱ्हाइकांच्या गडबडीत पठण सुटले नाही. वयात येण्याच्या सुमारास संपूर्ण कुरआन त्यांना मुखोद्गत झाला.

एकोणिसाव्या वर्षी ते शिकण्यासाठी दमास्कसला आले आणि रवाहिया मदरशात राहिले. दिवसाला बारा पाठ, इशानंतर एकदाच जेवण, सहेरीच्या वेळी एकदाच पाणी, असा त्यांचा क्रम होता. झोप अनावर झाली की ग्रंथांवरच टेकून घटकाभर डोळा लागे. वेळेची किंमत त्यांना अशी रोजच्या जगण्यातून कळली होती.

दमास्कसच्या लोकांची कुरआनची ओढ पाहून त्यांनी ‘अत्-तिबयान’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पठणाच्या वेळेचाही विचार आहे. सर्वात श्रेष्ठ पठण नमाजमधले. नमाजबाहेर रात्रीचे पठण उत्तम, त्यातही रात्रीचा उत्तरार्ध अधिक चांगला. मगरीब आणि इशा यांमधला वेळही पसंतीचा. दिवसा मात्र फजरनंतरची वेळ सर्वात चांगली. रात्रीला मान का, तर तेव्हा मन एकाग्र होते, कामे आड येत नाहीत आणि दिखाव्यालाही वाव उरत नाही. मात्र पठणासाठी कोणतीही वेळ वर्ज्य नाही, असा निर्वाळाही त्यांनी दिला. असरनंतर पठण करू नये, हे मत त्यांनी निराधार ठरवले. ज्यांच्यावर अध्यापनाची किंवा लोकांच्या कामाची जबाबदारी आहे, त्यांनी ती न बिघडेल इतकेच वाचावे, असेही सांगितले.

१२७७ मध्ये ते नवा येथे परतले आणि वडिलांच्या घरीच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४ वर्षांचे. ‘रियाजुस्सालिहीन’ आजही घरोघरी वाचले जाते.

त्यांनी निवडलेला रात्रीचा उत्तरार्ध रमजानमध्ये वेगळा शोधावा लागत नाही. सहेरीसाठी घर तेव्हा जागेच असते. चूल पेटण्याआधी वाचलेले एक पानसुद्धा त्या उत्तम वेळेतलेच असते. आणि ज्या माउलीचा तो वेळ भाकऱ्या थापण्यात जातो, तिच्यासाठी फजरनंतरचा वेळ आहेच.