अच्युतराव पटवर्धन
अच्युतराव पटवर्धन (५ फेब्रुवारी १९०५, अहमदनगर – ५ ऑगस्ट १९९२, वाराणसी) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते व अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे थोरले बंधू होत. वाराणसी येथे एम.ए. झाल्यावर त्यांनी तेथेच अध्यापन केले. १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. अच्युतराव मात्र भूमिगत राहिले. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे प्रक्षेपण परवाने रद्द केले होते. परवाने गेले तरी त्यांच्यापाशी कौशल्य होते. अशा जाणकारांच्या साहाय्याने उषा मेहता व सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. त्यास राममनोहर लोहिया व अच्युतराव यांचे पाठबळ लाभले. परवाना घेतलेल्या घरगुती संचांवर हे विनापरवाना केंद्र ऐकले जाई. पोलिसांना चुकविण्यासाठी त्याची जागा वारंवार बदलली जात असे. अखेर आतल्याच एका तंत्रज्ञाकडून ठिकाण कळल्याने १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला व केंद्र बंद पडले. उषा मेहता यांना ४ वर्षांची कारावासाची शिक्षा झाली.

अच्युतराव १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारलाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९५० मध्ये राजकारणातून निवृत्त होऊन ते पुन्हा वाराणसीत अध्यापनाकडे वळले.