युक्रेनचे वकील मिखाइलो द्राहोमानॉव्ह

एखाद्या राष्ट्राची हकीगत जगाला नेहमीं त्याच्या सत्ताधीशांच्याच तोंडून कळत राहिली, म्हणजे त्या राष्ट्राला स्वतःची वाणी आहे हेंच जग विसरून जातें. एकोणिसाव्या शतकांत युक्रेनची अशीच स्थिति होती. त्या देशाचा मोठा भाग रशियाच्या झारच्या अमलाखालीं असून सरकारदरबारीं त्यास ‘लघु रशिया’ म्हणत. तेथील भाषा ही रशियन भाषेची केवळ एक बोली होय, असें सरकारचें म्हणणें असे. हा समज खोडून काढण्यासाठीं युक्रेनची बाजू युरोपच्या कानीं घालणाऱ्या एका पुरुषाचें अल्पचरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

मिखाइलो द्राहोमानॉव्ह यांचा जन्म १८४१ सालीं पोल्टाव्हा प्रांतांतील हाद्याच या गांवीं झाला. कीव्ह विद्यापीठांत शिकत असतां ते रविवारच्या शाळांतून सामान्य लोकांस शिकवीत. पुढें त्याच विद्यापीठांत ते प्राचीन इतिहासाचे अध्यापक झाले. इतिहासकार आन्तोनोव्हिच यांच्या सहकार्यानें त्यांनीं युक्रेनियन लोकांचीं ऐतिहासिक गीतें १८७४-७५ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलीं. जे लोक आपला इतिहास आपल्याच शब्दांत गातात, त्यांस भाषा नाहीं असें कोण म्हणेल? परंतु सरकारास हें रुचलें नाहीं. १८७५ सालीं त्यांची नोकरी गेली व पुढील वर्षीं त्यांनीं देश सोडला. त्याच वर्षीं झार दुसरा अलेक्झांडर यानें जर्मनींतील एम्स येथें असतां एक गुप्त हुकूम काढून युक्रेनियन भाषेंतील बहुतेक सर्व छपाई, परदेशांतून येणारीं पुस्तकें आणि नाट्यप्रयोग यांवर बंदी घातली.

द्राहोमानॉव्ह यांनीं जिनीव्हा येथें बिऱ्हाड केलें. कीव्हमधील मित्रमंडळ त्यांस पैसा पुरवीत असे. १८७८ पासून त्यांनीं ‘ह्रोमादा’ नांवाचा ग्रंथसंग्रह काढला. त्याच वर्षीं व्हिक्टर ह्यूगो यांच्या अध्यक्षतेखालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय साहित्यपरिषद भरली. तिच्यापुढें मांडण्यासाठीं त्यांनीं या बंदीची हकीगत फ्रेंच भाषेंत पुस्तिकारूपानें लिहिली. घरचें दुःख त्यांनीं असें जगाच्या न्यायासनापुढें नेलें.

त्यांचा विचार मात्र सूडाचा नव्हता. रशियन लोकांचा त्यांनीं द्वेष केला नाहीं. परंतु झारच्या जागीं क्रांतिकारकांची तशीच एकवटलेली सत्ता आली तर लहान राष्ट्रांस काय लाभ, असें ते विचारीत. स्वतंत्र व्यक्ति, स्वतंत्र गांव आणि अशांचा स्वेच्छेनें झालेला संघ, हें त्यांचें ध्येय होतें. स्वजनांसही ते बजावीत कीं, माणुसकीस सोडून राष्ट्राभिमान नसावा. या स्पष्टोक्तीचें मोल त्यांस द्यावें लागलें. १८८६ सालीं कीव्हच्या मित्रांनींही मदत थांबविली. दारिद्र्य आलें, पण त्यांनीं लेखणी ठेविली नाहीं. १८८९ मध्यें बल्गेरियांतील सोफिया येथें त्यांस अध्यापकाची जागा मिळाली. अखेरच्या वर्षीं त्यांची भाची, सुप्रसिद्ध कवयित्री लेस्या युक्राइन्का, त्यांच्याजवळ होती. १८९५ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं.

१९०५ नंतर ती बंदी मावळली व १९९१ सालीं युक्रेन स्वतंत्र झाला. २०२२ सालीं रशियानें त्यावर मोठी स्वारी केली, तेव्हां युक्रेनची कथा युक्रेनच्याच मुखानें ऐकण्याची निकड जगास पुन्हां पटली. आमच्या विद्यार्थिवाचकांनीं या चरित्रापासून एवढें घ्यावें: आपली भाषा प्राणपणानें जपावी, परक्याची भाषाही शिकावी, आणि तिच्या द्वारें जगास सत्य सांगावें, पण तें द्वेषावांचून सांगावें.